अल्प किमतीच्या घरगुती नेटवर्क साठवण उपकरणांचा मंद वेग : कारणमीमांसा आणि निदान

सारांश :
घरातील छायाचित्रे, चित्रफिती व कागदपत्रे एका ठिकाणी सुरक्षित ठेवण्यासाठी नेटवर्क साठवण उपकरण, म्हणजेच 'नॅस', वापरण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत रूढ झाली आहे. अल्प किमतीच्या उपकरणांत मात्र जाहिरातीतील वेग व प्रत्यक्ष वेग यांत मोठी तफावत आढळते. ही तफावत का निर्माण होते, तिचे मूळ कसे शोधावे आणि वेगाच्या हव्यासापोटी सुरक्षिततेचा बळी का देऊ नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : नेटवर्क साठवण, गिगाबिट, प्रोसेसर, सांबा, रेड, बॅकअप.

प्रस्तावना :
माहितीची साठवण ही आता केवळ कार्यालयांची गरज राहिलेली नाही. डिजिटल कॅमेरा आणि त्यानंतर मोबाइल फोन घरोघरी पोहोचल्यामुळे एका मध्यमवर्गीय कुटुंबाकडेही शेकडो गिगाबाइट माहिती सहज जमा होते. ही माहिती एकाच संगणकाच्या एकाच हार्ड डिस्कवर ठेवणे धोक्याचे असते. म्हणून घरातील राउटरला जोडलेले, सर्वांना वापरता येणारे एखादे स्वतंत्र साठवण उपकरण घेतले जाते. खोक्यावर 'गिगाबिट' असे ठळकपणे छापलेले असते. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी फायली पाठवू लागल्यावर पडद्यावर सेकंदाला १० किंवा १५ मेगाबाइट असा आकडा दिसतो आणि फसवणूक झाल्याची भावना निर्माण होते.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. ज्या उपकरणावर प्रत काढण्यास दोन दिवस लागतात, त्यावर नियमित प्रत काढली जात नाही. प्रत नसेल तर डिस्क नादुरुस्त झाल्याच्या दिवशी त्या उपकरणाचा उपयोग शून्य ठरतो. म्हणूनच या मंदपणाची कारणे समजून घेणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे :
१. जाहिरातीतील वेग व प्रत्यक्ष वेग यांतील फरकाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. वेग मर्यादित करणाऱ्या घटकांचा क्रमवार विचार करणे.
३. सामान्य वापरकर्त्यास करता येईल अशी निदानाची पद्धत मांडणे.
४. वेग आणि सुरक्षितता यांच्या परस्परसंबंधाकडे लक्ष वेधणे.

विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. बिट, बाइट आणि खोक्यावरील आकडा :
नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजला जातो, तर फायलींचा आकार बाइटमध्ये. एक बाइट म्हणजे आठ बिट. त्यामुळे १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला कमाल १२.५ मेगाबाइट आणि १००० मेगाबिटची, म्हणजे गिगाबिट जोडणी कमाल १२५ मेगाबाइट वाहून नेऊ शकते. माहिती लहान लहान पुडक्यांत बांधून पाठविली जाते आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता व इतर तपशील असतो. हा वेष्टनाचा खर्च वजा जाता गिगाबिट जोडणीवर हाती येणारी कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे ११८ मेगाबाइट इतकी राहते.

या आकड्यांचा वापरकर्त्याच्या दृष्टीने काय अर्थ होतो, हे पुढील हिशोबावरून ध्यानात येईल.

तक्ता क्र. १ : १ टेराबाइट माहिती पाठविण्यास लागणारा वेळ
सेकंदाला ५ मेगाबाइट : सुमारे ५५ तास ३० मिनिटे
सेकंदाला ११ मेगाबाइट : सुमारे २५ तास
सेकंदाला ३० मेगाबाइट : सुमारे ९ तास १५ मिनिटे
सेकंदाला ११० मेगाबाइट : सुमारे २ तास ३० मिनिटे

रात्री झोपताना सुरू केलेले काम सकाळी संपलेले असणे आणि तेच काम तिसऱ्या दिवशीही चालू असणे, एवढा हा फरक आहे. काम जितके लांबते, तितकी मध्येच वीज जाण्याची किंवा संगणक बंद पडण्याची शक्यता वाढते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

येथे एक मूलभूत बाब स्पष्ट केली पाहिजे. खोक्यावरील 'गिगाबिट' हा शब्द उपकरणाच्या मागील बाजूस असलेल्या जोडणीचे वर्णन करतो, उपकरणाच्या कार्यक्षमतेचे नव्हे. घराच्या दारापर्यंत रुंद रस्ता असला, तरी दारातून एका वेळी एकच माणूस आत जाऊ शकत असेल, तर रस्त्याच्या रुंदीचा लाभ मिळत नाही. फाईल संगणकाच्या डिस्कवरून निघून केबल, स्विच, उपकरणाचा प्रोसेसर, मेमरी आणि शेवटी उपकरणातील डिस्क असा प्रवास करते. या साखळीतील सर्वांत दुर्बळ कडीचा जो वेग, तोच संपूर्ण प्रवासाचा वेग होय.

२. प्रोसेसरची मर्यादा :
अल्प किमतीच्या उपकरणांत ही दुर्बळ कडी बहुधा प्रोसेसर असते. याचे बोलके उदाहरण म्हणजे २००४ मध्ये बाजारात आलेले लिंकसिस कंपनीचे 'एनएसएलयू२' हे छोटे उपकरण. त्यात ३२ मेगाबाइट मेमरी, १०० मेगाबिटची नेटवर्क जोडणी आणि बाहेरील डिस्क जोडण्यासाठी दोन यूएसबी २.० जोडण्या होत्या. त्यातील इंटेलचा प्रोसेसर २६६ मेगाहर्ट्झ क्षमतेचा असला, तरी सुरुवातीच्या उपकरणांत तो १३३ मेगाहर्ट्झवरच चालविलेला होता. नेटवर्कची मर्यादा सेकंदाला १२.५ मेगाबाइट असताना या उपकरणाकडून जेमतेम ४ ते ६ मेगाबाइट वेग मिळत असे. म्हणजेच साधी १०० मेगाबिटची तारही पूर्ण भरण्याइतके बळ त्याच्या प्रोसेसरमध्ये नव्हते.

असे का घडते? आलेले प्रत्येक पुडके तपासणे, त्यातील माहिती मेमरीत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविणे, फाईलची नोंद करणे आणि ती डिस्ककडे सुपूर्द करणे ही सर्व कामे प्रोसेसर करतो. उदाहरणादाखल असे मानू की, या साऱ्या कामासाठी प्रत्येक बाइटमागे प्रोसेसरची २५ आवर्तने खर्च होतात. १३३ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १३ कोटी ३० लाख आवर्तने. त्यांस २५ ने भागले असता सेकंदाला सुमारे ५ मेगाबाइट हे उत्तर येते. याच हिशोबाने ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर २० मेगाबाइटपर्यंत पोहोचेल आणि गिगाबिट तार पूर्ण भरण्यासाठी सुमारे ३००० मेगाहर्ट्झची आवश्यकता भासेल. हा हिशोब ढोबळ आहे. नंतरच्या प्रोसेसरांत पुडक्यांची तपासणी व माहितीची हलवाहलव यांसाठी स्वतंत्र सोयी आल्या आणि बाइटमागील खर्च बराच घटला. तथापि २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या अनेक स्वस्त उपकरणांना गिगाबिट जोडणी असूनही ती गिगाबिटच्या जवळपास का पोहोचू शकली नाहीत, याचा उलगडा या हिशोबातून होतो.

३. सामायिक मार्गाची मर्यादा :
काही वेळा प्रोसेसर पुरेसा असतो, परंतु उपकरणाच्या आतील मार्ग अरुंद असतो. घरगुती साठवणीसाठी हौशी मंडळींत लोकप्रिय असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१८ मध्ये आलेल्या 'पाय ३ बी प्लस' या प्रारूपास गिगाबिट जोडणी देण्यात आली. परंतु ती जोडणी आतून यूएसबी २.० मार्गावर बसविलेली असल्यामुळे तिचा कमाल वेग ३०० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३७ मेगाबाइट इतकाच असल्याचे उत्पादकांनीच नमूद केले होते. त्यातही बाहेरील हार्ड डिस्क त्याच यूएसबी मार्गावर जोडावी लागे. नेटवर्कवरून आलेली माहिती ज्या मार्गाने आत येई, त्याच मार्गाने ती पुन्हा डिस्ककडे जाई. साहजिकच प्रत्यक्ष वेग ३७ मेगाबाइटच्याही बराच खाली राही. २०१९ मध्ये आलेल्या 'पाय ४' मध्ये नेटवर्कला स्वतंत्र मार्ग आणि डिस्कसाठी यूएसबी ३.० जोडणी मिळाल्यावर हा अडसर दूर झाला. दोन्ही प्रारूपांच्या वर्णनात 'गिगाबिट' हा एकच शब्द असला, तरी त्यामागील वास्तव निराळे होते.

४. डिस्क व फाईल रचना :
आजच्या मोठ्या हार्ड डिस्क सलग माहिती लिहिताना गिगाबिट जोडणीपेक्षा अधिक वेग देऊ शकतात. असे असले तरी तीन परिस्थितींत डिस्क हाच अडथळा ठरतो.

पहिली परिस्थिती लेखनपद्धतीची आहे. कमी जागेत अधिक माहिती बसविण्यासाठी काही डिस्कमध्ये कौलांप्रमाणे एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत लेखन केले जाते. त्यास 'एसएमआर' पद्धती म्हणतात. येथे एक पट्टी बदलायची झाल्यास शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. त्यामुळे आरंभी चांगला वाटणारा वेग दीर्घ लेखनात एकदम कोसळतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या, नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेतील काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचे उघड झाले. त्यानंतर कंपनीने प्रारूपांची यादी प्रसिद्ध केली आणि पारंपरिक पद्धतीच्या डिस्क 'रेड प्लस' या नावाने वेगळ्या केल्या. खरेदीपूर्वी डिस्कची लेखनपद्धती पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दुसरी परिस्थिती 'रेड ५' या रचनेची आहे. (वरील मालिकेच्या नावाशी या रचनेचा संबंध नाही.) अनेक डिस्क एकत्र वापरण्याची 'रेड' ही संकल्पना १९८८ मध्ये पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मांडली. तिच्या पाचव्या प्रकारात एखादी लहानशी नोंद बदलण्यासाठी जुनी माहिती वाचणे, जुनी पडताळा-नोंद वाचणे, नवी माहिती लिहिणे व नवी पडताळा-नोंद लिहिणे अशी चार कामे करावी लागतात. स्वस्त उपकरणांत पडताळ्याचे गणितही मुख्य प्रोसेसरच करतो. त्यामुळे वाचन जलद आणि लेखन मंद असा अनुभव येतो.

तिसरी परिस्थिती फाईल रचनेची आहे. बहुसंख्य नॅस उपकरणे लिनक्सवर चालतात. विंडोजच्या 'एनटीएफएस' रचनेतील डिस्क त्यांस जोडल्यास अनेक उपकरणांत ती 'एनटीएफएस-३जी' या, लिनक्सच्या गाभ्याबाहेर चालणाऱ्या प्रणालीमार्फत हाताळली जाते. दुबळ्या प्रोसेसरवर हा अतिरिक्त भार मोठा ठरतो. डिस्क कायमची उपकरणातच राहणार असेल, तर ती लिनक्सच्या 'एक्स्ट ४' रचनेत सिद्ध करणे हितावह ठरते. मात्र असे केल्याने डिस्कवरील आधीची माहिती पुसली जाते, याचे भान ठेवून ती प्रथम अन्यत्र हलवावी लागते.

५. लहान फायलींचा प्रश्न :
४ गिगाबाइटची एक चित्रफीत आणि तेवढ्याच एकूण आकाराची ४०,००० छोटी कागदपत्रे पाठविण्यास सारखा वेळ लागत नाही. प्रत्येक फाईलसाठी परवानगी तपासणे, फाईल निर्माण करणे, दिनांक नोंदविणे व ती बंद करणे अशी प्रश्नोत्तरे संगणक व उपकरण यांच्यात होतात. एका फाईलमागे केवळ २० सहस्रांश सेकंद जादा लागले, तरी ४०,००० फायलींमागे ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटांहून अधिक वेळ निव्वळ या देवघेवीत जातो. या वेळेचा तारेच्या क्षमतेशी काहीच संबंध नसतो. जुन्या, क्वचितच लागणाऱ्या छोट्या फायली एका संक्षिप्त संचात बांधून पाठविणे हा यावरील साधा उपाय होय.

६. घरातील जोडणी :
दोष उपकरणात नसून घरातील जोडणीत असण्याचीही पुष्कळ उदाहरणे असतात. १९९९ मध्ये मान्य झालेल्या मानकानुसार तांब्याच्या केबलवरील गिगाबिट जोडणीस केबलमधील चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटसाठी दोनच पुरतात. एखादी तार तुटलेली अथवा टोकाशी नीट बसलेली नसेल, तर अनेक उपकरणे मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतात. जोडणी चालू राहते, म्हणून दोष लक्षात येत नाही. इंटरनेट सेवेसोबत मिळालेल्या काही राउटरांच्या जोडण्याही १०० मेगाबिटच्याच असतात.

वायफायची गोष्ट याहून निराळी आहे. एका वाहिनीवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. लॅपटॉप आणि नॅस दोन्ही वायफायने जोडलेले असल्यास तीच माहिती हवेतून दोनदा प्रवास करते आणि वेग निम्म्यावर येतो. सिमेंट-काँक्रीटच्या भिंती व त्यांतील लोखंडी सळया यांमुळे संकेत आणखी क्षीण होतात. म्हणून नॅस नेहमी केबलनेच राउटरला जोडावे.

७. निदानाची पद्धत :
कोणताही नवा भाग विकत घेण्यापूर्वी मोजमाप करणे आवश्यक आहे. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

प्रथम ५ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकच फाईल केबलद्वारे पाठवून पाहावी. फाईल उपकरणाच्या मेमरीहून बरीच मोठी असणे गरजेचे आहे, अन्यथा मेमरीचाच वेग डिस्कचा वेग म्हणून दिसतो. त्यानंतर 'आयपर्फ' या विनामूल्य साधनाने केवळ नेटवर्कचा वेग मोजावा. यात डिस्कचा सहभाग नसतो. मग उपकरणाच्या आतच डिस्कवर लेखन करून केवळ डिस्कचा वेग मोजावा. फाईल जात असताना उपकरणाच्या नियंत्रण पृष्ठावर प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांस भिडतो काय, हेही पाहावे.

तक्ता क्र. २ : लक्षण व संभाव्य कारण
वेग ११ ते १२ मेगाबाइटवर स्थिर : मार्गात कोठेतरी १०० मेगाबिटची जोडणी किंवा सदोष केबल
वेग ३० ते ४० मेगाबाइटवर स्थिर : यूएसबी २.० मार्ग
आरंभी जलद, नंतर एकदम मंद : मेमरी भरणे किंवा एसएमआर डिस्क
वाचन जलद, लेखन मंद : रेड ५ अथवा फाईल रचना
मोठी फाईल जलद, लहान फायली मंद : प्रत्येक फाईलमागील देवघेव
केबलवर जलद, वायफायवर मंद : बिनतारी जोडणी
सर्वच मंद व प्रोसेसर पूर्ण व्यग्र : उपकरणाची अंगभूत मर्यादा

यातील अखेरच्या स्थितीत नवी केबल, नवा स्विच किंवा अधिक जलद डिस्क यांवर केलेला खर्च वाया जातो. याउलट पहिल्या स्थितीत अल्प किमतीची केबल बदलून वेग कित्येक पटींनी वाढू शकतो. मोजमापाचे महत्त्व येथे अधोरेखित होते.

८. वेग आणि सुरक्षितता :
मंद उपकरणास गती देण्यासाठी सुचविल्या जाणाऱ्या काही युक्त्या घातक आहेत. विंडोज संगणक ज्या 'एसएमबी' नियमावलीद्वारे नॅसशी बोलतो, तिची पहिली आवृत्ती आता असुरक्षित मानली जाते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने याच आवृत्तीतील उणिवेचा फायदा घेतला होता. जुने उपकरण नव्या संगणकावर दिसत नाही म्हणून ही आवृत्ती पुन्हा सुरू करणे म्हणजे बंद केलेले दार चोरासाठी उघडणे होय.

२०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या '२४एच२' आवृत्तीच्या प्रो, एंटरप्राइझ व एज्युकेशन प्रकारांत प्रत्येक संदेशावर पडताळणीची स्वाक्षरी असणे मूलतः अनिवार्य करण्यात आले. दुबळ्या प्रोसेसरच्या उपकरणास हा भार जाणवतो. त्यामुळे संगणक अद्ययावत केल्यावर नॅस अचानक मंद झाल्यास त्यामागे हे कारण असू शकते. स्वाक्षरी बंद केल्याने वेग वाढतो खरा, परंतु मार्गात कोणी फेरफार केल्यास तो ओळखण्याचे साधनही नष्ट होते. माहिती डिस्कवर पोहोचण्यापूर्वीच 'लिहिली' असे कळविणाऱ्या व्यवस्थेबाबतही हेच म्हणता येईल. अशा वेळी वीज गेल्यास पोहोचली असे वाटणारी फाईल प्रत्यक्षात अस्तित्वातच नसते. वीजपुरवठा खात्रीचा नसेल, तर उपकरणास यूपीएसचा आधार देणे श्रेयस्कर ठरते.

मंद उपकरणही योग्य पद्धतीने वापरल्यास उपयुक्त ठरते. दोन उपायांनी बहुतांश अडचण दूर होते. एक, पहिली मोठी प्रत नेटवर्कवरून न पाठविता, उपकरणात सोय असल्यास डिस्क थेट यूएसबीने जोडून काढावी. दोन, त्यानंतर दररोज केवळ बदललेल्या फायलीच पाठविणारी प्रणाली वापरावी. 'आरसिंक' हे १९९६ पासून उपलब्ध असलेले विनामूल्य साधन नेमके हेच करते. दिवसाला २ गिगाबाइट नवी माहिती जमा होत असेल, तर सेकंदाला ५ मेगाबाइट वेगानेही ती ७ मिनिटांत पोहोचते.

निष्कर्ष :
१. खोक्यावरील 'गिगाबिट' हा आकडा जोडणीचा असतो, संपूर्ण उपकरणाचा नसतो.
२. प्रत्यक्ष वेग साखळीतील सर्वांत दुर्बळ कडीवर ठरतो. स्वस्त उपकरणांत ती बहुधा प्रोसेसर किंवा आतील सामायिक मार्ग असते.
३. नेटवर्क, डिस्क व प्रोसेसर यांचे स्वतंत्र मोजमाप केल्याशिवाय केलेली खरेदी निष्फळ ठरण्याचा संभव असतो.
४. स्वाक्षरी, सुरक्षित आवृत्ती व खात्रीचे लेखन यांचा त्याग करून मिळविलेला वेग अंतिमतः महाग पडतो.
५. दैनंदिन प्रतीसाठी वेगापेक्षा नियमितता महत्त्वाची आहे. पहिली प्रत थेट व पुढील प्रती केवळ बदलांच्या, ही पद्धत अल्प किमतीच्या उपकरणासही पुरेशी ठरते.

समारोप :
२०१६ मध्ये अडीच गिगाबिट जोडणीचे मानक मान्य झाले आणि आता खोक्यांवर हा नवा आकडा दिसू लागला आहे. आकडा बदलला तरी तत्त्व तेच राहते. जोडणीच्या पलीकडे प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क कोणत्या पद्धतीची आणि आतील मार्ग स्वतंत्र की सामायिक, हे चार प्रश्न विक्रेत्यास विचारणारा ग्राहक सहसा निराश होत नाही. ज्याच्या घरी असे मंद उपकरण आधीच आहे, त्यानेही ते अडगळीत टाकण्यापूर्वी एकदा केबल तपासावी आणि रोजच्या प्रतीची वेळ ठरवून द्यावी.